वजाबाकीतून उरलेली सीमा

कृष्णविवराची व्याख्या फळ्यावर लिहायला एक ओळ पुरते. बी बरोबर एम, वजा, जे-मायनस, कंसात स्क्राय-प्लस. संपलं. हॉकिंग आणि एलिस यांच्या १९७३ सालच्या ग्रंथात ती या रूपात भेटते. तिच्या मागची दृष्टी रॉजर पेनरोज यांची. या ओळीत वस्तुमान नाही, घनता नाही, तारा नाही, किलोमीटरही नाहीत. गुरुत्वाकर्षणाचं नावसुद्धा नाही. आणि तरीही कृष्णविवराची सीमा कुठे, या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर दुसरं कुणी दिल्याचं मला माहीत नाही. ही ओळ सावकाश वाचावी, आणि उजवीकडून डावीकडे वाचावी.

सगळ्यांत उजवीकडचं स्क्राय-प्लस हे एका ठिकाणाचं नाव आहे, आणि ते ठिकाण अनंतावर आहे. एखादा प्रकाशकिरण कुठेही न अडकता कायम पुढे जात राहिला, तर तो शेवटी जिथे ‘पोचतो’ ते हे ठिकाण. अनंत असं हाताशी येत नाही, म्हणून पेनरोज यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक युक्ती योजली: प्रकाशाच्या वाटा जशाच्या तशा ठेवून अंतरं अशी आवळायची की अनंत कागदाच्या कडेवर येऊन बसेल. त्या कडेचा भविष्याकडचा भाग म्हणजे स्क्राय-प्लस. आता जे-मायनस. याचा अर्थ, जिथून तिथवर निरोप धाडता येतो अशा सगळ्या घटना. निरोप प्रकाशाच्या वेगानं जावो वा हळू, कोट्यवधी वर्षांनी पोचो, पण पोचायला हवा. एम म्हणजे सगळं: आजवर घडलेल्या आणि पुढे घडणार असलेल्या यच्चयावत घटनांचा अवकाशकाल. आता मधली वजाबाकी करा. ज्यांची खबर कधी ना कधी दूरवर पोचू शकते त्या सगळ्या घटना एकूणातून काढून टाका. उरेल ते कृष्णविवर. त्या उरलेल्याची कड म्हणजे घटनाक्षितिज.

मला या ओळीत सर्वांत मोठं वाटतं ते तिचं उभं राहण्याचं ठिकाण. आत काय आहे याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. ती बाहेर, पार लांब, काळाच्याही शेवटाला जाऊन उभी राहते आणि मागे वळून विचारते की माझ्यापर्यंत कोण आलं आणि कोण आलं नाही.

हे धाडस किती मोठं होतं ते कळायला आधीची चार दशकं आठवावी लागतात. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर असताना, डिसेंबर १९१५मध्ये, आइन्स्टाइन यांच्या समीकरणांचं पहिलं काटेकोर उत्तर शोधलं. पुढच्या मे महिन्यात ते वारले. त्या उत्तरात एका ठराविक त्रिज्येवर, सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी सुमारे ३ किलोमीटरवर, एक पद अनंत होत होतं. तिथे अवकाशच फाटतो की काय, या शंकेत भलेभले अडकले. आर्थर एडिंग्टन यांच्या १९२४ सालच्या एका टिपणात हा दोष नाहीसा करणारी मांडणी आहे, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. जॉर्ज लमेत्र यांनी १९३०च्या दशकात तो दोष मोजण्याच्या पद्धतीतला आहे हे ओळखलं. तेही फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. १९५८ साली डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी स्वच्छ दाखवलं की त्या त्रिज्येवर काहीही मोडत नाही, फक्त वाट एकतर्फी होते: आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. या साऱ्या काळात शोध चालला होता तो त्या जागेवरच्या खुणेचा. पेनरोज यांची व्याख्या त्या जागेकडे बघतच नाही.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला पावसाचा एक थेंब सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो, आणि त्याच्या शेजारचा कृष्णेतून चौदाशे किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला. त्या दोन थेंबांमधल्या ओल्या मातीवर कसलीही रेघ नसते. रेघ ठरते ती दोन समुद्रांवरून. घटनाक्षितिजही असंच, शेवट कुठे होतो यावरून ठरतं. फरक एवढाच, आणि तो जबरदस्त आहे, की सह्याद्री आधीच उभा आहे. उतार चालत जाऊन पाहता येतो. अवकाशकालाचा उतार मात्र उद्या, परवा, लाख वर्षांनी बदलू शकतो, आणि आज पडलेला थेंब कुठल्या बाजूचा हे त्या बदलावर अवलंबून राहतं.

याची पुरती चव घ्यायची तर एका भारतीय संशोधनाकडे जावं लागतं. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख होते. जयंत नारळीकरांचे ते वडील. त्यांच्यापाशी काम करायला १९४२ साली गुजरातचे प्रह्लाद चुनीलाल वैद्य आले. प्रकाश उधळत वस्तुमान गमावणाऱ्या ताऱ्याभोवतीचा अवकाशकाल कसा असेल, याचं उत्तर वैद्य यांनी १९४३मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापलं. आजही जगभर त्याला वैद्य यांचंच नाव आहे. काळाची दिशा उलटी केली की हेच उत्तर आत कोसळणाऱ्या प्रकाशाचं होतं, आणि कृष्णविवराची सीमा समजून घ्यायला याहून निर्मळ उदाहरण सापडणार नाही.

कल्पना करा, रिकाम्या अवकाशात कुणी एक निरीक्षक स्वस्थ बसला आहे. त्याच्या चहूबाजूंनी, फार लांबून, प्रकाशाचं एक पातळ गोल कवच त्याच्या दिशेनं आवळत येत आहे. त्या प्रकाशात ६५० कोटी सूर्यांची ऊर्जा भरली आहे. एम-८७ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान एवढंच आहे. कवचाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य. अवकाश सपाट, आणि कवच येत आहे याची खबर मिळण्याचाही मार्ग नाही, कारण खबर कवचापेक्षा वेगानं धावू शकत नाही. एवढ्या वस्तुमानाची श्वार्झशिल्ड त्रिज्या सुमारे १,९०० कोटी किलोमीटर. कवच तितकं आवळलं की सुटकेचा प्रश्न मिटला.

मग घटनाक्षितिज कधी जन्मतं? कवच त्या त्रिज्येवर पोचतं तेव्हा, असं सहज वाटतं. वजाबाकी करून पाहा. केंद्रातून सोडलेल्या किरणाला सुटायचं तर कवच १,९०० कोटी किलोमीटरवर येण्याआधी ते ओलांडून बाहेर पडायला हवं. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला जवळपास १८ तास लागतात. म्हणजे कवच तिथे पोचण्याच्या १८ तास आधी केंद्रातून निघालेला किरण हा सीमेवरचा किरण. घटनाक्षितिज त्या क्षणी, त्या निरीक्षकाच्या मांडीवर, एका बिंदूत जन्मतं. प्रकाशाच्या वेगानं फुगत जातं. कवचाला बरोबर ठरल्या त्रिज्येवर भेटतं आणि तिथे स्थिर होतं. निरीक्षकाच्या बाजूनं बघा. त्या क्षणानंतर तो कृष्णविवरात आहे. त्याच्या घड्याळात, त्याच्या कंपासात, त्याच्या शरीरात तिळमात्र फरक पडलेला नाही. आणखी सुमारे ३६ तास, कवच त्याच्यावर येऊन आदळेपर्यंत, तो शून्य गुरुत्वाकर्षणाच्या सपाट अवकाशात स्वस्थ बसलेला असेल, आणि तरी त्याचा एकही निरोप बाहेरच्या जगाला कधीच मिळणार नाही.

हे गणित मी कितीदा करून पाहिलं तरी त्यातला धक्का कमी होत नाही. कारण अजून न घडलेल्या घटनेच्या हिशेबानं सीमा आधीच वाढायला लागली आहे. सापेक्षतेचे अभ्यासक याचं टोकाचं रूप सांगतात: आपल्या आकाशगंगेच्या या भागात दूरच्या भविष्यात एखादं प्रचंड पतन होणार असेल, तर आपण बसलो आहोत त्या खोलीतून घटनाक्षितिज आत्ता सरकत असू शकतं.

या भविष्यवेत्तेपणाची किंमत आहे, तशी कमाईही. घटनाक्षितिज विणलेलं आहे प्रकाशकिरणांचं, बाहेर सुटणारेही नव्हेत आणि आत कोसळणारेही नव्हेत असे किरण. त्यात नवे किरण येऊन मिळू शकतात, पण एकदा आलेला किरण ते कधीच सोडत नाही. नोव्हेंबर १९७०मध्ये, मुलगी लूसीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी, रात्री झोपायला जाताना हॉकिंग यांना याचा अर्थ उमगला. ते किरण एकमेकांकडे झुकू लागले तर पुढे एकमेकांना छेदतील. गुरुत्वाकर्षण आकर्षकच असतं एवढं मानलं की कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५च्या समीकरणातून हे अटळपणे निघतं. छेदणारे किरण सीमेवर टिकत नाहीत. पण सीमेचे किरण तर कधीच सीमा सोडत नाहीत. तेव्हा ते झुकत नाहीत, आणि घटनाक्षितिजाचं क्षेत्रफळ कधीच घटत नाही. या युक्तिवादात ‘कधीच’ हा शब्द सगळं काम करतो, आणि तो शब्द वापरायचा अधिकार व्याख्येनं सगळं भविष्य पोटात घेतल्यामुळेच मिळतो. १४ जानेवारी २०२५ रोजी पकडलेल्या गुरुत्वलहरींत दोन कृष्णविवरांचं मिळून सुमारे २.४ लाख चौरस किलोमीटर असलेलं क्षेत्रफळ विलीनीकरणानंतर सुमारे ४ लाख झाल्याचं आढळलं.

किंमत मात्र चुकत नाही. सीमा कुठे आहे हे सांगायला विश्वाचा शेवट पाहून यावं लागतं. शिवाय ज्या अनंतावर ही व्याख्या उभी आहे, तसं अनंत आपल्या विश्वाला आहे का हाच प्रश्न आहे: विस्ताराचा वेग वाढत असलेल्या विश्वात ती कड वेगळ्या घडणीची असते, आणि पेनरोज यांचं स्क्राय-प्लस जसंच्या तसं तिथे बसत नाही. त्यात १९७४ साली हॉकिंग यांनीच दाखवलं की कृष्णविवरातून प्रारण निघतं आणि कृष्णविवर हळूहळू आटतं. पूर्ण आटून गेल्यावर आतलं सारं शेवटी बाहेर पोचणार असेल, तर वजाबाकीत उरणार काय? २०१४च्या एका छोट्याशा लेखात हॉकिंग या टोकाला गेले: घटनाक्षितिजं नसतातच, काही काळ टिकणारी दुसरीच सीमा असते, आणि त्या अर्थानं कृष्णविवरंही नाहीत. वर्तमानपत्रांनी त्यातलं ‘कृष्णविवरं नाहीत’ तेवढं उचललं. दुसरी सीमा कोणती हे फारसं कुणी विचारलं नाही.

ती सीमाही मुळात पेनरोज यांच्याच विचारातून आलेली. १९६४च्या शरद ऋतूत लंडनमध्ये सापेक्षतेचे अभ्यासक आयव्हर रॉबिन्सन यांच्याशी बोलत रस्ता ओलांडताना त्यांना तो विचार सुचला, आणि जानेवारी १९६५मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या तीन पानांत आला. याच कामाला २०२०चं नोबेल मिळालं. कल्पना अशी: अवकाशात एक बंद पृष्ठ घ्या आणि त्याच्या प्रत्येक बिंदूवर एकाच क्षणी दिवा लावा. प्रकाशाच्या दोन लाटा निघतील, एक बाहेर, एक आत. नेहमीच्या जगात बाहेरची पसरते, आतली आक्रसते. आता असं पृष्ठ शोधा जिथे दोन्ही आक्रसतात, बाहेर सोडलेलीसुद्धा. याला ट्रॅप्ड सरफेस म्हणतात. त्याच्या कडेचं पृष्ठ, जिथे बाहेरची लाट ना पसरते ना आक्रसते, ते अपॅरंट होरायझन. इथे अनंताचं काम नाही, उद्याचं काम नाही. आत्ता, इथे, त्या पृष्ठावर मोजलं की झालं. महासंगणकावर कृष्णविवरांची टक्कर घडवणारे संशोधक दर क्षणाला हेच शोधत पुढे जातात. घटनाक्षितिज काढायचं तर सगळं गणित संपल्यावर किरण उलटे, भविष्याकडून भूतकाळाकडे, चालवावे लागतात. वैद्य यांच्या कवचाला ही कसोटी लावली तर निरीक्षकाभोवती काढलेला कुठलाही गोल सपाट अवकाशात अडकलेला निघत नाही. ही सीमा कवचाबरोबरच येते. कृष्णविवर शांत झालं की दोन्ही सीमा एकमेकींवर बसतात. मतभेद उरतो तो फक्त बदलाच्या काळापुरता.

(१० एप्रिल २०१९ रोजी जगानं पाहिलेल्या एम-८७च्या छायाचित्रातली काळी चकती या दोन्हींपैकी कुठलीच नव्हे. ती प्रकाश गिळला जाण्याच्या क्षेत्राची सावली. घटनाक्षितिजाच्या जवळपास अडीचपट रुंद.)

या जवळून मोजता येणाऱ्या सीमेला पुरं शास्त्र मिळवून दिलं ते अभय अष्टेकर यांनी. शिरपूरला १९४९मध्ये जन्मलेले अष्टेकर पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आधी शांत कृष्णविवराची सीमा अनंताचा आधार न घेता मांडली, आणि २००२मध्ये बद्री कृष्णन यांच्यासह वाढत्या कृष्णविवराची. तिला ते डायनॅमिकल होरायझन म्हणतात. इथे मला हॉकिंग यांच्या प्रमेयाशेजारी ठेवून वाचण्यासारखं काही दिसतं. हॉकिंग म्हणतात, क्षेत्रफळ घटणार नाही. अष्टेकर आणि कृष्णन यांच्या सूत्रातून निघतं की किती वाढेल: सीमेची त्रिज्या वाढते ती नेमकी तिच्यातून आत गेलेल्या पदार्थाच्या आणि गुरुत्वलहरींच्या ऊर्जेच्या हिशेबात. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळतात. घटनाक्षितिजाला असा हिशेब देता येत नाही; आपल्या निरीक्षकाच्या मांडीवरून ते १८ तास फुगत होतं तेव्हा त्याच्यातून काहीच आत गेलं नव्हतं. जे आत्ता घडतं त्याचं कारणही आत्ताच असावं, ही भौतिकीची जुनी अपेक्षा इथे पुन्हा पुरी होते, आणि मला या सूत्राची ओढ आहे ती त्यामुळेच.

पण याही बाजूला निखळ समाधान नाही. अपॅरंट होरायझन कुठे दिसेल हे आपण ‘आत्ता’ कुणाला म्हणतो, म्हणजे अवकाशकालाचे काप कसे घेतो, यावर अवलंबून राहतं. रॉबर्ट वाल्ड आणि विवेक अय्यर यांनी १९९१मध्ये साध्या श्वार्झशिल्ड कृष्णविवराचेच काप असे घेऊन दाखवले की ते सिंग्युलॅरिटीच्या, म्हणजे जिथे समीकरणंच कोसळतात त्या टोकाच्या, पार जवळ जातात आणि तरी वाटेत एकही ट्रॅप्ड सरफेस लागत नाही. एकाच कृष्णविवराला मग एकाहून अधिक डायनॅमिकल होरायझन असू शकतात. त्यातलं खरं कोणतं?

आणि याहून विलक्षण गोष्ट २००९मध्ये इंगेमार बेंग्टसन आणि होसे सेनोविया यांनी काढली, तीही वैद्य यांच्याच अवकाशकालात. गोल पृष्ठांचा हट्ट सोडा, वेडीवाकडी बंद पृष्ठं घ्या. वस्तुमान पुरेशा झपाट्यानं आत येत असेल तर त्यांतली काही ट्रॅप्ड पृष्ठं कवच यायच्या आधीच्या सपाट भागातही शिरतात, जिथे गुरुत्वाकर्षणाचा मागमूस नाही. पृष्ठाचा एक भाग शांत सपाट अवकाशात, दुसरा कवच येऊन गेल्यानंतरच्या काळात. आणि पहिल्या भागाला दुसऱ्याची खबर मिळण्याचा मार्ग नाही. भविष्य ज्या व्याख्येतून निग्रहानं बाहेर ठेवलं होतं, त्या व्याख्येच्या एका कोपऱ्यातून ते पुन्हा आत डोकावतं. बंद पृष्ठ ही मुळातच एका बिंदूपुरती गोष्ट नाही, ते सगळीकडून मिळालं तरच बंद होतं. हे शब्दांत उघडच होतं, पण त्याचा एवढा अर्थ आहे हे गणित करेपर्यंत कळलं नव्हतं. या निष्कर्षानं मला दोन्ही व्याख्या एकमेकींच्या किती जवळच्या आहेत ते दाखवलं.

दोन कृष्णविवरांच्या टकरीत मात्र दोन्ही व्याख्यांमधला फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. घटनाक्षितिज सुरुवातीपासून एकच अखंड पृष्ठ असतं: काळाच्या दिशेनं वर जाणाऱ्या दोन नळ्या, ज्या सलगपणे मिळून एक होतात. अपॅरंट होरायझनचं असं नाही. दोन स्वतंत्र पृष्ठं जवळ येतात, आणि एका क्षणी दोघांना वेढणारं तिसरंच पृष्ठ एकाएकी बाहेर प्रकट होतं. हा उडीचा क्षण या व्याख्येचा कमकुवत दुवा मानला जायचा. दोनांचं एक कसं झालं याची सलग कथा ती सांगू शकत नाही, असा आक्षेप असायचा. २०१९मध्ये डॅनियल पूक-कोल्ब, ओफेक बर्नहोल्ट्झ, बद्री कृष्णन आणि एरिक श्नेटर यांनी त्या तिसऱ्या पृष्ठाच्या आत, जिथे फारसं कुणी पाहत नव्हतं, बारकाईनं गणित चालवलं. समोरासमोर होणाऱ्या टकरीत ते बाहेरचं पृष्ठ जन्मताच त्याला एक आतलं जुळं फुटतं. हे जुळं खाली आक्रसत जातं. मूळची दोन पृष्ठं आत एकमेकांना टेकतात, आणि नेमक्या त्या क्षणी आतलं जुळंही त्या दोघांना जाऊन मिळतं. त्यानंतर ते स्वतःलाच छेदणारं, गाठ बसल्यासारखं, पृष्ठ होऊन पुढे चालतं. म्हणजे बाहेरच्या पृष्ठावरून जन्मक्षणाशी मागे यायचं, तिथून आतल्या जुळ्यावर उतरायचं आणि त्याच्या वाटेनं मूळच्या दोघांपाशी पोचायचं. वाट वळणांची आहे, काळात मागेपुढे जाणारी आहे, पण कुठे तुटलेली नाही.